लोकल पब्लिक टीव्हीसाठी शहरावरची डॉक्युमेंटरी: विषय शोधण्यापासून टेलिकास्टनंतरच्या हार्ड ड्राइव्हपर्यंत

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. लोकल पब्लिक स्टेशनसाठी (म्हणजे नफ्यासाठी न चालणारं, लोकांच्या पैशावरचं गावातलं टीव्ही स्टेशन) डॉक्युमेंटरी करणं आणि फिल्म फेस्टिवलसाठी करणं यात कॅमेऱ्याचा फरक नाही, बजेटचाही फारसा नाही. फरक हा की ज्यांच्या घरात तुम्ही शूट केलं ती माणसं ही फिल्म बघणारेत, त्यांचे शेजारी बघणारेत, घरमालक बघणारे, ज्या ऑफिसात त्यांचा अर्ज अडकलाय तिथला क्लार्कपण बघणारे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच रस्त्यावरून जाणार आहात. फेस्टिवलवाला विमानात बसून निघून जातो, आपल्याला जाता येत नाही. प्रत्येक पायरीवर घोडं कुठे अडलं की मी स्वतःला हाच प्रश्न विचारते, की उद्या हा माणूस रस्त्यात भेटला तर मी त्याच्याकडे सरळ बघू शकेन का.

खाली शहरातले सामाजिक प्रश्न आणि कला या दोन्ही प्रकारच्या फिल्म्सबद्दल एकत्रच लिहिलंय, कारण प्रत्यक्षात त्या वेगळ्या नसतातच. नाटकाच्या ग्रुपची तालमीची जागा गेली की ती कलेची गोष्ट राहत नाही, भाड्याची होते.

१. आधी विषय बारीक करा

"शहरातला घरांचा प्रश्न" हा विषय नाही, ते खातं आहे. विषय म्हणजे एका इमारतीची लिफ्ट जी चार महिने बंद आहे. नवव्या मजल्यावर कोण अडकलंय, दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे, ते कुठल्या बजेटात होते आणि कुठे गेले, हे धरून चाललात की घरांचा अख्खा प्रश्न आपोआप त्या लिफ्टच्या दारात येऊन उभा राहतो. उलट दिशेने गेलात तर तज्ज्ञांच्या मुलाखती, ड्रोनचे शॉट आणि उदास पियानो एवढंच हाताला लागतं.

मी विषयाला तीन प्रश्न विचारते: निर्णय कोण घेतं, सोसतं कोण, आणि येत्या सहा महिन्यांत काय बदलणार आहे. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. कोर्टाची तारीख, पाडापाडीची नोटीस, वार्षिक प्रयोग, निवडणूक, काहीतरी पुढे यायला हवं, नाहीतर फिल्म म्हणजे नुसतं वर्णन होतं आणि बघणारा दहाव्या मिनिटाला उठतो.

कलेच्या फिल्मला हीच परीक्षा जरा वेगळी लावायची. ज्येष्ठ कलाकार, जुने फोटो, चार जणांनी केलेलं कौतुक, शेवटी टाळ्या, असल्या फिल्म्स स्टेशनांच्या कपाटात ढिगाने पडलेल्या आहेत. त्यापेक्षा एक काम धरा जे अजून पूर्ण व्हायचंय, आणि ते न होण्याची खरी भीती आहे.

२. कॅमेरा न घेता फिरा, मग कागद वाचा

किमान दोन आठवडे कॅमेरा घरी ठेवा. सकाळी जा, रात्री जा, पावसात जा, सुट्टीच्या दिवशी जा. पहिल्या भेटीत भेटणारा माणूस नेहमी तोच असतो जो प्रत्येक पत्रकाराला भेटतो, त्याचं बोलणं पाठ झालेलं असतं, त्याचा राग नका करू पण त्याच्याच मागे फिरूही नका. खरी माणसं चौथ्या-पाचव्या फेरीत बोलायला लागतात.

मग कागद. नगर परिषदेच्या सभांचे अजेंडे आणि इतिवृत्तं, टेंडर, बजेटची पुस्तकं, कोर्टाचे आदेश, जुने नकाशे. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण फिल्मचा कणा इथेच सापडतो. एक उदाहरण देते. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये प्रुइट-आयगो नावाची सरकारी घरांची वसाहत होती, अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, १९५० च्या दशकात बांधलेल्या, आणि १९७२ पासून त्या पाडायला सुरुवात झाली. इमारत स्फोटाने खाली बसते ते फुटेज इतक्या ठिकाणी वापरलं गेलंय की लोकांच्या डोक्यात "आधुनिक आर्किटेक्चर फसलं" हे चित्रच पक्कं झालं. पण कागद बघितले की दिसतं, देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातूनच भागवायचा होता, शहराची लोकसंख्या घटत गेली, घरं रिकामी राहायला लागली, भाडं कमी आलं, दुरुस्त्या थांबल्या, मग आणखी लोक गेले. १९६९ मध्ये तिथल्या सरकारी घरांतल्या भाडेकरूंनी भाडंबंदीचा संपही केला होता. स्फोट फुटेजमध्ये दिसतो, भाड्याचा हिशोब दिसत नाही. तो दिसेल असा करणं हे तुमचं काम.

जुनं फुटेज शोधताना स्टेशनच्या स्वतःच्या कपाटापासून सुरुवात करा, तिथे काय आहे हे बऱ्याचदा स्टेशनलाच माहीत नसतं. अमेरिकेतल्या विषयांसाठी अमेरिकन आर्काइव्ह ऑफ पब्लिक ब्रॉडकास्टिंग आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि बॉस्टनचं जीबीएच स्टेशन मिळून चालवतात, त्यातलं भरपूर ऑनलाइन फुकट बघता येतं. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानेही आपल्या हजारो फिल्म्स साइटवर टाकल्यात. तुमच्याच प्रश्नावर चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी फिल्म केलेली निघते आणि त्यात तीच आश्वासनं तेच खातं देत असतं, हे बघून हसावं की रडावं कळत नाही, पण सीन मात्र झकास मिळतो.

३. पैसे कोणाचे, हे शूटच्या आधी ठरवा

१९३५ मध्ये लंडनच्या स्टेपनी भागातल्या झोपडपट्टीसारख्या घरांवर 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाची छोटी फिल्म झाली, एडगर अँस्टी आणि आर्थर एल्टन यांची. गरीब माणसं स्वतःच्या घरात उभी राहून थेट कॅमेऱ्याशी स्वतःच्या तोंडाने बोलतायत, उंदरांबद्दल, ओलीबद्दल, हे तेव्हा नवीन होतं. रुबी ग्रिअर्सन यांनी लोकांचा विश्वास मिळवून त्यांना बोलतं केलं होतं. आता पैसे कुणाचे होते? ब्रिटिश कमर्शियल गॅस असोसिएशनचे. जुनी घरं पडून नवीन फ्लॅट आले की त्यात गॅसची शेगडी जाणार, हा हिशोब. फिल्म खोटी नाही, माणसं खरी आहेत, त्रास खरा आहे, पण फिल्ममध्ये उत्तर म्हणून फक्त नवीन फ्लॅट दिसतात. तिथे राहायला गेलेल्यांची तक्रार त्यात का नाही, हे पैशाकडे बघितलं की लगेच कळतं.

अशाच कारणांसाठी अमेरिकेच्या पीबीएसने (तिथल्या पब्लिक टीव्ही स्टेशनांचं जाळं) प्रायोजकाला तीन कसोट्या लावल्यात: मजकुरावर त्याचं नियंत्रण आहे का, नसलं तरी बघणाऱ्याला तसं वाटेल का, आणि कार्यक्रम जाहिरातीसारखा झालाय का. तुम्ही कुठल्याही देशात असा, ह्या तीन कसोट्या उचला आणि स्वतःला लावा. बिल्डरच्या ट्रस्टच्या पैशातून भाडेकरूंवर फिल्म करत असाल तर दुसरी कसोटी तिथेच नापास, मग तुम्ही कितीही प्रामाणिक असा.

स्टेशनकडे जाताना काय न्यायचं: एका पानाचा सारांश, चार-पाच पानांचं ट्रीटमेंट ज्यात सीन कसे दिसतील ते लिहिलंय, बजेट, आणि तीन ते पाच मिनिटांचं सॅम्पल. त्यात ट्रेलरसारखी कटाकट नको, एक पूर्ण सीन दाखवा, कारण प्रोग्रामिंगवाल्या माणसाला तुमचं संगीत नको असतं, तुम्हाला माणसांसोबत थांबता येतं का हे बघायचं असतं. आणि स्टेशन पैसे देईल हे गृहीत धरू नका. २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पब्लिक ब्रॉडकास्टिंगसाठी आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले, त्यामुळे तिथल्या छोट्या स्टेशनांची अवस्था बिकट आहे. पैशांऐवजी एडिट रूम, कॅमेरा, जुन्या फुटेजचे हक्क, वकिलाचा वेळ असं काय मिळतंय ते विचारा. त्याची किंमत रोख रकमेइतकीच असते, कधीकधी जास्तच.

४. संमती, म्हणजे नुसती सही नाही

रिलीज फॉर्म, म्हणजे चित्रण वापरायची सही केलेली परवानगी, घ्यायचाच, त्यावर वाद नाही, त्याशिवाय स्टेशन फिल्म घेणारच नाही. पण सही झाली म्हणजे संमती झाली असं ज्याला वाटतं त्याने लोकल फिल्म करूच नये. समोरच्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: हे कुठे दिसणार (टीव्हीवर, ऑनलाइन, किती वर्षं), कोण कोण बघू शकतं, आणि फिल्ममध्ये त्यांच्या विरोधातलं कोण बोलणार आहे. शेवटची गोष्ट सांगायला लोक कचरतात. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, नंतर टीव्हीवर बघून त्याला कळणं जास्त वाईट.

संमती तीनदा घ्या, शूटच्या आधी, शूटनंतर, आणि रफ कट (पहिला कच्चा एडिट) झाल्यावर. मधल्या काळात माणसाची परिस्थिती बदललेली असते. नोकरी लागलेली असते, केस उभी राहिलेली असते, घटस्फोट झालेला असतो. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी परवानगी घ्याच, पण मुलालाही विचारा, आणि मुलगा "नको" म्हणाला तर पालक हो म्हणत असले तरी नको.

चेहरा लपवायचा असेल तर शूट करतानाच लपवा, पाठमोरं, सावलीत, हातांवर. नंतर ब्लर करू म्हणालात तर मूळ फुटेज कुठेतरी राहतंच. आणि फक्त चेहऱ्याकडे बघू नका. माझ्या एका फिल्ममध्ये बाईचा चेहरा लपवला, आवाज बदलला, सगळं केलं, आणि रफ कट बघताना तिनेच दाखवलं की मागच्या खिडकीतला पडदा दिसतोय आणि तो पडदा अख्ख्या गल्लीत एकीच्याच घरी आहे. सीन परत शूट केला. तिने बघितलं नसतं तर? अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मुलाखतीचे पैसे द्यायचे नाहीत, कारण मग बोलण्यावर पैशाचा डाग येतो. पण कुणाचा रोज बुडतोय, प्रवासखर्च होतोय, तर तो खर्च द्या आणि सगळ्यांना एकाच नियमाने द्या. कलाकार तुमच्या कॅमेऱ्यासाठी मुद्दाम प्रयोग करून दाखवत असेल तर ते काम आहे, त्याचं मानधन द्यायचंच, तिथे "तुमची प्रसिद्धी होईल" हे वाक्य तोंडातून काढू नका.

५. सामान: थोडक्यात, आवाज सोडून

कॅमेरा आज कुठलाही चालतो. फक्त फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) स्टेशनला विचारून पहिल्या दिवसापासून तोच ठेवा, भारत आणि युरोपसारख्या ठिकाणी २५, अमेरिकेत २९.९७ किंवा २३.९८. मधेच बदललात की एडिटमध्ये हालचाल अडखळल्यासारखी दिसते. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर स्पीड १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६०, नाहीतर ट्यूबलाइट फडफडते.

आवाजावर मात्र जीव टाका. हललेलं चित्र टीव्हीवर चालून जातं, न कळणारा आवाज अजिबात नाही. कॉलर माइक आणि वर बूम (काठीच्या टोकाला लावलेला माइक), दोन्ही, वेगवेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला, बोलण्याचे उंच टोक साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रत्येक खोलीत कोणी न बोलता एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, एडिटमध्ये सांधे बुजवायला तीच लागते. मुलाखतीच्या वेळी फ्रीज बंद करायला लागतो कारण त्याची घरघर नंतर निघत नाही, आणि बंद केलात की स्वतःची गाडीची किंवा घराची किल्ली त्या फ्रीजमध्ये ठेवा. किल्लीशिवाय तुम्ही निघू शकत नाही म्हणजे फ्रीज परत चालू केल्याशिवायही निघू शकत नाही. साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे, आणि दुसऱ्याच्या घरातलं अन्न खराब करून आलेल्याला तिथे परत दार उघडलं जात नाही.

रोजचं फुटेज रोज तीन ठिकाणी, दोन वेगळ्या ड्राइव्हवर आणि एक प्रत दुसऱ्या जागी. कार्ड रिकामं करायचं ते त्यानंतरच.

६. मुलाखत

तज्ज्ञांची मुलाखत शेवटी घ्या. आधी घेतली की तुमचे प्रश्न त्यांच्या भाषेत जातात आणि मग तुम्ही राहणाऱ्या माणसाला "विस्थापनाचा तुमच्यावर काय परिणाम झाला" असं विचारता, आणि तो बिचारा पण तसल्याच भाषेत उत्तर देतो. त्यापेक्षा "काल रात्री पाणी किती वाजता आलं" हे विचारा. तपशील विचारा, भावना मागू नका, भावना तपशिलाच्या मागून येते.

माणसाला खुर्चीत बसवून मागे झाड ठेवायची पद्धत सोडून द्या. तो जे रोज करतो ते करताना बोलू दे, जिना चढताना, मशीन दुरुस्त करताना, मेकअप उतरवताना. आवाजाला त्रास होतो पण माणूस मोकळा होतो. आणि उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, पाच-सहा सेकंद गप्प बसा. माझ्या फिल्म्समधली निम्मी चांगली वाक्यं त्या गप्पपणानंतर आलेली आहेत.

प्रश्न फिल्ममध्ये ऐकू येणार नसेल तर उत्तरात प्रश्न गुंफून बोलायला सांगा. "हो, तेव्हापासून" याचा एडिटमध्ये काहीच उपयोग नाही. शेवटचा प्रश्न माझा ठरलेला, "मी काय विचारायला हवं होतं जे विचारलं नाही?" कॅमेरा बंद करू नका, खरं बोलणं तिथून पुढे सुरू होतं. पण कॅमेरा चालू आहे हे त्यांना दिसलं पाहिजे, लाल दिवा झाकून चोरून घेतलेलं वाक्य वापरायचं नाही.

अधिकाऱ्यांना प्रश्न लेखी पाठवा, मुदत पुरेशी द्या, फिल्ममध्ये त्यांच्यावर नेमका कुठला आरोप आहे तो स्पष्ट लिहा. दोनदा पाठवा, तारखा जपून ठेवा. "प्रतिक्रिया मिळू शकली नाही" ही पाटी टाकायचा हक्क त्यानंतरच मिळतो.

७. शहर आणि कला कॅमेऱ्यात घेताना

शहराचे शॉट म्हणजे ट्रॅफिकचा टाइमलॅप्स नव्हे. एकाच जागेवर, एकाच उंचीवर, एकाच लेन्सने महिन्यातून एकदा शॉट घ्या, सहा महिने. शेवटी तुमच्याकडे असं काहीतरी असतं जे कुठल्याही स्टॉक साइटवर विकत मिळत नाही. गरिबी दाखवायला गटार आणि उघडी मुलं दाखवणं बंद करा, ती मुलं उद्या शाळेत जातात आणि वर्गातल्यांनी टीव्ही बघितलेला असतो.

प्रयोग शूट करताना एक कॅमेरा वाइडवर लावा आणि त्याला हात लावू नका, काहीही झालं तरी. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग रेकॉर्ड करा. दुसरा कॅमेरा फिरू दे. पण प्रयोगापेक्षा तालमीला जास्त दिवस द्या, तीच ओळ अकराव्यांदा चुकते तेव्हा कला म्हणजे काय प्रकार आहे ते बघणाऱ्याला कळतं. आणि फिल्ममध्ये निदान एकदा एक तुकडा न कापता पूर्ण दाखवा, दीड-दोन मिनिटं का होईना. कलेवरच्या फिल्ममध्ये कलाच दहा सेकंदांच्या वर दिसत नाही हा विनोद फार वेळा झालाय. स्टेजवर झपाझप उघडझाप करणारे लाइट असतील तर सावध, सेकंदाला तीनच्या वर फ्लॅश असलेली दृश्यं फिट येणाऱ्यांना धोकादायक ठरू शकतात, ब्रिटनमध्ये तर त्यासाठी प्रसारणाचे नियमच आहेत, शॉट कापावा लागतो.

भिंतीवरची चित्रं रस्त्यावर असली तरी चित्रकाराची असतात. कायदा देशोदेशी वेगळा, अमेरिकेत सार्वजनिक जागेतून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो घ्यायला सूट आहे पण त्या इमारतीवरच्या चित्राला ती लागू होईलच असं नाही, ब्रिटनमध्ये पुतळ्यांना सूट आहे, भित्तिचित्रांना नाही. सरळ चित्रकाराला शोधा, विचारा, नाव द्या. आणि लवकर शूट करा. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये ५पॉइंट्झ म्हणून जुन्या कारखान्याच्या भिंती ग्राफिटीने भरलेल्या होत्या, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने रातोरात पांढरा रंग मारून टाकला. २०१८ मध्ये कोर्टाने २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर भरपाई दिली, २०२० मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. भिंती गेल्या होत्या, कोर्टापुढे ठेवायला कलाकारांनी जपलेले फोटो आणि कागदपत्रं होती. तुमचं फुटेज कधी कुणाच्या असं कामी येईल सांगता येत नाही.

८. हक्क: इथे आळस केलात की फिल्म कपाटात

'आइज ऑन द प्राइझ' ही अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरची मालिका १९८७ मध्ये पीबीएसवर आली, भरपूर गाजली, आणि मग जुन्या फुटेज आणि गाण्यांच्या हक्कांची मुदत संपल्यामुळे वर्षानुवर्षं टीव्हीवर दाखवताच येईना. हक्क परत विकत घेऊन २००६ मध्ये ती पुन्हा दाखवली. एवढ्या मोठ्या मालिकेचं हे, तर आपलं काय.

त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक शीट ठेवा, प्रत्येक फोटो, क्लिप, गाणं, मालक कोण, हक्क कशाकशासाठी (टीव्ही, ऑनलाइन, फेस्टिवल, शाळा), किती वर्षं. गाण्याचे हक्क दोन वेगळे असतात, रचनेचा एक आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा दुसरा, दोन्ही लागतात. अमेरिकेत पब्लिक स्टेशनांना प्रसारणापुरती संगीताबाबत काही कायदेशीर सूट आहे, पण फेस्टिवलला किंवा विकायला काढलेल्या प्रतीला ती आपोआप लागू होत नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात. माझा सोपा मार्ग म्हणजे ज्या कलाकारावर फिल्म आहे त्याच्याकडूनच संगीत करून घ्यायचं, लेखी कराराने, पैसे देऊन. दुकानात शूट करताना मागे रेडिओ चालू असेल तर हात जोडून बंद करायला सांगायचं.

९. एडिट

अर्ध्या तासाचा स्लॉट म्हणजे अर्धा तास नसतो. पीबीएसवर तो २६ मिनिटं ४६ सेकंद असतो, तासाचा ५६:४६. तुमच्या स्टेशनचा नेमका आकडा सेकंदासकट लिहून भिंतीवर चिकटवा. २६:४६ मध्ये नीट श्वास घेणारे आठ-नऊ सीन बसतात. चाळीस तासांचं फुटेज आणि आठ सीन, म्हणजे प्रेमात पडलेलं बरंच काही मरणार आहे, मन घट्ट करा.

सगळ्या मुलाखतींचं टाइमकोडसकट (कुठलं वाक्य फुटेजमध्ये नेमकं कुठल्या मिनिट-सेकंदाला आहे तो आकडा) टायपिंग करून घ्या आणि पहिला एडिट कागदावर करा. सॉफ्टवेअर आपोआप लिहून देतं पण बोलीतलं बोलणं हमखास चुकवतं, ऐकून तपासा. निवेदन शेवटी लिहा आणि जे चित्रात दिसतंय ते त्यात लिहू नका, तारीख, आकडा, कायद्याचं कलम यासाठी ते ठेवा. बोलीत बोलणाऱ्याच्या खाली सबटायटल आणि साहेबांच्या खाली नाही, हे करू नका, द्यायचं तर सगळ्यांना.

स्क्रिप्टमधल्या प्रत्येक विधानाला समासात पुरावा लिहा, कुठला कागद, कुठली मुलाखत, कुठला मिनिट. ज्याला पुरावा सापडत नाही ते वाक्य जातं, कितीही टाळ्याबाज असलं तरी. हे काम एडिटच्या बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, आपल्याला आपली चूक दिसत नाही.

१०. आधी त्यांना दाखवा

यावर लोकांची मतं वेगळी आहेत, बरेच पत्रकार म्हणतात प्रसारणाआधी कुणालाच दाखवू नये. मला पटत नाही. १९६७ मध्ये कॅनडाच्या फिल्म बोर्डाच्या कॉलिन लो यांनी न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर वीसहून जास्त छोट्या फिल्म्स केल्या, आणि आधी बेटावरच्याच लोकांना दाखवल्या, त्यांच्या होकाराने मग सरकारपर्यंत नेल्या. मंत्र्याचं उत्तर शूट करून परत बेटावर दाखवलं. दोन वर्षांनी माँट्रियालमध्ये सेंट-जाक वस्तीतल्या नागरिक समितीने व्हिडिओ कॅमेरा थेट स्वतःच्या हातात घेतला.

मी रफ कट दाखवते तेव्हा आधीच सांगते, की चुकीची माहिती आणि जिवाला किंवा घराला धोका या दोन कारणांनी मी बदल करेन, "मी जाड दिसतोय" किंवा "ती शेजारीण नको" यासाठी करणार नाही. आणि ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांना रफ कट नाही, त्यांना लेखी प्रश्न. दाखवताना माणसांकडे बघा, स्क्रीनकडे नाही. कुठे सगळे हलले, कुठे खोकले, कुठे हसायला नको तिथे हसले, याच्या इतका चांगला एडिटर मिळत नाही.

११. स्टेशनला देताना

स्टेशनचा तांत्रिक कागद नीट वाचा, बहुतेक फिल्म्स पहिल्यांदा इथेच परत येतात. लाउडनेस, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, युरोपच्या आर१२८ नियमाप्रमाणे उणे २३ लफ्स (ती मोजायचं एकक), अमेरिकेत उणे २४, कानाने नाही मीटरने मोजायचा. नावांच्या पाट्या सुरक्षित चौकटीच्या आत, म्हणजे टीव्हीच्या कडेला कापल्या जाणार नाहीत इतक्या आत. कॅप्शन फाइल वेगळी, आणि ऐकू न येणाऱ्या कुणाला तरी दाखवून तपासलेली. संगीताची यादी, रिलीज फॉर्म, हक्कांची शीट, सगळं एकाच फोल्डरमध्ये. करारात स्टेशन किती वर्षं किती वेळा दाखवणार आणि ऑनलाइन किती दिवस ठेवणार ते बघा, आणि ज्या वस्तीत शूट केलं तिथे फुकट दाखवायचा हक्क स्वतःकडे ठेवा. पहिला खेळ तिथेच लावा, टेलिकास्टच्या आदल्या आठवड्यात, अंगणात, जिन्यात, जिथे भिंत मिळेल तिथे.

१२. ड्राइव्ह

सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी या लोकल पब्लिक स्टेशनने १९६३ मध्ये कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांच्यासोबत शहरातल्या काळ्या वस्त्यांमध्ये फिरून 'टेक धिस हॅमर' केली. १९६४ मध्ये प्रसारित होण्याआधी स्टेशनच्या बोर्डाच्या आग्रहामुळे साधारण १५ मिनिटं कापली गेली. ती पूर्ण आवृत्ती काही दशकांनी तिथल्या टेलिव्हिजन आर्काइव्हने पुन्हा लोकांसमोर आणली, कारण ते फुटेज कुणीतरी फेकून दिलं नव्हतं.

म्हणून टेलिकास्ट झाला की पार्टी नंतर करा. फायनल फाइल, निवेदन आणि संगीताशिवायची फाइल, न वापरलेल्या मुलाखती, टायपिंग, हक्कांची शीट, सगळं दोन ड्राइव्हवर, एक तुमच्याकडे, एक स्टेशन किंवा एखाद्या लायब्ररीकडे. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: कोण, कुठे, कुठल्या तारखेला, आणि कुणी कुठल्या अटीवर संमती दिली होती. ज्यांनी चेहरा लपवायला सांगितला त्यांचं मूळ फुटेज या ड्राइव्हवर ठेवायचं नाही. टेक्स्ट फाइलची छापील प्रत डब्यात घाला, डब्यावर कायम टिकणाऱ्या शाईने नाव लिहा, आणि वर्षातून एकदा ड्राइव्ह जोडून फायली उघडतायत का ते बघा, नुसती यादी दिसली म्हणून बंद करू नका, दोन-तीन फायली शेवटपर्यंत चालवून बघा.